गरम झाली की बंद, थंड झाली की चालू : एका जुन्या गाडीच्या इग्निशन कॉइलचं प्रकरण

"अर्धा-पाऊण तास गाडी छान पळते. मग दोन-तीन गचके देते आणि बंद. वीस-पंचवीस मिनिटं सावलीत उभी केली की पहिल्याच सेल्फला चालू होते." सरांनी तक्रार सांगितली ती एवढीच. पण सोबत त्यांनी एक वही आणली होती, आणि या प्रकरणात त्या वहीचा उपयोग माझ्या मीटरइतकाच झाला.

सर निवृत्त शिक्षक. गाडी तीस वर्षांहून जुनी, पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. चार सिलिंडर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये (एकेका प्लगला ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून असलेला), फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाजूला तेल भरलेली गोल डब्यासारखी इग्निशन कॉइल, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टपासून प्लगच्या ठिणगीसाठी हजारो व्होल्ट बनवणारी. वहीत प्रत्येक वेळची नोंद होती : किती वाजता निघालो, किती मिनिटांनी गाडी बंद पडली, परत कधी चालू झाली, त्यानंतर काय बदललं. अकरा महिन्यांत फ्युएल पंप नवा बसला, पेट्रोलचा फिल्टर दोनदा बदलला, कार्बोरेटर खोलून साफ झाला, पॉइंट-कंडेन्सर तीनदा आणि कॉइल दोनदा बदलली.

कॉइल दोनदा, इथे माझं बोट थांबलं. नीट बसवलेली कॉइल वर्षानुवर्षं चालते. त्यातला एखादा नग सदोष निघू शकतो. पण अकरा महिन्यांत दोन गेल्या आणि तिसरीही तीच लक्षणं दाखवते आहे, तर दोष कॉइलच्या बाहेर आहे असं धरूनच कामाला लागायला हवं. सरांनी मला विचारलं होतं, "आता कोणत्या कंपनीची कॉइल टाकायची?" मी म्हटलं, "सर, आधी ही का तापते ते बघू. कंपनीचं नंतर."

पंपावरचं ओलं फडकं

पेट्रोलच्या बाजूच्या दुरुस्तीवर इतका खर्च का झाला, ते वहीतल्या एका नोंदीवरून कळलं. एकदा गाडी बंद पडल्यावर कोणीतरी फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवलं, थोड्या वेळाने सेल्फ मारला आणि गाडी चालू झाली. निदान ठरलं : वेपर लॉक. म्हणजे उष्णतेने नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हे खरोखर होतं, त्यामुळे संशय अगदीच निराधार नव्हता.

पण फडकं ठेवून वाट पाहिली त्या वेळात पंपासोबत बॉनेटखालची प्रत्येक वस्तू थंड होत होती. पंप थंड झाला, कॉइलही थंड झाली, कंडेन्सरही. गाडी चालू झाली यावरून फक्त एवढंच सिद्ध होतं की गरम झाल्यावर बिघडणारी कोणती तरी वस्तू थंड झाली. ती कोणती, हे त्या फडक्याने सांगितलं नाही. उष्णतेने येणारे बिघाड असेच निसटतात. गाडी गॅरेजपर्यंत येते तेव्हा ती थंड असते आणि सगळं ठीक दिसतं. म्हणून बिघाड चालू असताना, त्या पाच-दहा मिनिटांतच मोजमाप करावं लागतं.

आम्ही तेच केलं. मीटर, स्पार्क टेस्टर, पान्यांचा संच आणि पाण्याची बाटली घेऊन मी सरांच्या शेजारी बसलो आणि गाडी पळवली. अडतिसाव्या मिनिटाला पहिला गचका आला, एकेचाळिसाव्याला गाडी बंद पडून बाजूला घ्यावी लागली.

पहिलं पेट्रोल पाहिलं. एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहत थ्रॉटलचा दांडा हाताने ओढला. आत पेट्रोलची बारीक, सरळ धार पडली. मग स्पार्क टेस्टर लावून सरांना सेल्फ मारायला सांगितलं. निरोगी कॉइलची ठिणगी निळसर-पांढरी, जाड असते आणि 'टक्' असा आवाज करते. इथे अगदी लहान गॅपवर नारिंगी, केसासारखी ठिणगी येत होती आणि गॅप जरा वाढवला की तीही गायब. पेट्रोल आहे, करंट नाही. अकरा महिने रेंगाळलेला प्रश्न दोन मिनिटांत अर्धा झाला.

(ठिणगी पाहण्यासाठी कॉइलकडून येणारी हाय टेन्शन वायर हातात धरून इंजिनापासून लांब नेण्याची सवय अनेकांना असते. कृपया करू नका. धक्का बसतो हे तर आहेच. शिवाय ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ते १५-२० हजार व्होल्ट कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतात. इंजिनाच्या धातूला नीट जोडलेला (अर्थिंग केलेला) टेस्टर वापरा, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही ना, ते आधी बघा.)

कॉइलच्या डब्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो चर्र करून उडाला. चालू इंजिनाची कॉइल गरम असणारच, हात फार वेळ ठेवता येत नाही इतकी ती गरम होते आणि ते चालतं. पण थेंब असा उडाला म्हणजे डबा शंभर अंशांच्या आसपास किंवा वर आहे. प्लास्टिकच्या डोक्याभोवती तेलकट ओल होती आणि तिच्यावर धूळ चिकटून काळा थर झाला होता. आतलं तेल बाहेर येऊ लागलं होतं.

कॉइललाच थर्मामीटर बनवलं

चावी बंद करून कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढल्या आणि प्रायमरी वाइंडिंगचा (बॅटरीच्या बाजूच्या जाड तारेच्या वेढ्यांचा) रोध मोजला. इतका कमी रोध मोजताना आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून त्यांचाच रोध पाहायचा आणि वजा करायचा. माझ्या पिनांचा ०.३ ओहम येतो. कॉइलचा आकडा आला २.४. म्हणजे खरा २.१ ओहम.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या त्याच कॉइलचा आकडा होता १.६.

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. १.६ वरून २.१ म्हणजे ३१ टक्के वाढ, म्हणजे सुमारे ८० अंश. सकाळचं तापमान तिसाच्या घरात होतं. त्या हिशेबाने गाडी बंद पडली तेव्हा आतलं वाइंडिंग ११० अंशांच्या आसपास होतं. डब्याबाहेरून हात लावून हे कळत नाही, वाइंडिंगच स्वतःचं तापमान सांगतं. विद्युत इन्सुलेशनचा एक ढोबळ नियम आहे : दर दहा अंश जास्त तापमानाला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. रोज एवढी भाजणारी कॉइल काही महिन्यांत का जाते, हे त्यात आलं.

सेकंडरी वाइंडिंगही (प्लगच्या बाजूचे बारीक तारेचे वेढे) मोजलं. साडेआठ हजार ओहम थंड, गरम असताना थोडं जास्त. दोन्ही आकडे पटण्यासारखे. इथेच पुष्कळ जण फसतात आणि "कॉइल ओके" म्हणतात. ओहम मोजताना मीटर कॉइलला जेमतेम दोन-तीन व्होल्ट लावतो. आतल्या बारीक तारेच्या दोन वेढ्यांमधला वार्निशचा थर उष्णतेने कमजोर झाला असेल, तर तो मीटरच्या व्होल्टेजला सहज टिकतो आणि हजारो व्होल्ट आले की फुटतो. म्हणून गरम कॉइलचा खरा निकाल ठिणगीवरून द्यायचा, मीटर फक्त सोबतीला.

त्या दिवशी रस्त्याकडेला शेवटची एक खात्री केली. फडकं ओलं करून या वेळी फक्त कॉइलच्या धातूच्या डब्याभोवती गुंडाळलं. प्लास्टिकच्या डोक्यावर पाणी येऊ दिलं नाही, कारण थंड पाण्याने तापलेलं डोकं तडकू शकतं आणि ओलाव्यातून ठिणगी पळते. पंपाला हातही लावला नाही. सहा मिनिटांत गाडी चालू झाली. वहीतला नेहमीचा वेळ होता वीस ते पंचवीस मिनिटं.

मग ती तापतेच का?

कॉइलचं काम थोडक्यात असं : पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट प्रायमरीच्या जाड तारेतून वाहतो आणि लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की करंट एकदम तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीच्या हजारो वेढ्यांत प्लगला लागणारं जबरदस्त व्होल्टेज तयार होतं. चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास मोटारींसाठी बसवलेली ही रचना पुढे कित्येक दशकं जवळजवळ तशीच चालली. उष्णता तयार होते ती पहिल्या टप्प्यात, पॉइंट मिटलेले असताना. ती करंटच्या वर्गाच्या पटीत असते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

आता १.६ हा आकडा पुन्हा पाहू. बारा व्होल्टच्या जुन्या गाड्यांत कॉइली मुख्यतः दोन प्रकारच्या. एक साधारण ३ ओहमची, ती थेट बॅटरीच्या करंटवर चालते. दुसरी साधारण दीड ओहमची, तिच्या आधी तेवढ्याच रोधाचा बॅलास्ट रेझिस्टर लागतो. दोघांचे मिळून पुन्हा तीनच ओहम होतात आणि उष्णतेचा निम्मा भाग कॉइलच्या बाहेर, उघड्या हवेत निघून जातो. सरांच्या गाडीतली कॉइल दुसऱ्या प्रकारातली होती. धूळ पुसल्यावर डब्यावर छापलेलंही दिसलं, बाहेरच्या रेझिस्टरसोबतच वापरावी म्हणून.

प्रश्न एवढाच उरला की बॅलास्ट काम करतो आहे का. चावी ऑन करून कॉइलच्या प्लस टोकावर व्होल्टेज मोजलं. ही चाचणी करताना पॉइंट मिटलेले असायलाच हवेत. ते उघडे असतील तर करंटच वाहत नाही, आणि करंट नसेल तर बॅलास्ट असो वा नसो, मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून, पॉइंट मिटलेले दिसेपर्यंत इंजिन हाताने फिरवलं. बॅलास्ट असता तर आकडा सहा-साडेसहाच्या आसपास यायला हवा होता. आला ११.९.

कॉइलची वायर धरून मागे गेलो तर फायरवॉलवर, वायपरच्या मोटारीमागे, पांढऱ्या सिरॅमिकचा बॅलास्ट सापडला. जागेवरच होता, फक्त त्याची दोन्ही बाजूंची कनेक्शनं काढून एकाच स्क्रूखाली आवळलेली होती. करंट त्याच्या बाजूने सरळ पुढे जात होता. बॅलास्ट मोजला, पूर्ण ओपन. आतली तार तुटलेली.

मी सरांना विचारलं, "सर, हे सगळं सुरू व्हायच्या आधी कधी असं झालं होतं का, की सेल्फ मारताना इंजिन लागतं आणि चावी सोडली की लगेच बंद?"

सरांनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. तीच नोंद होती, त्यांच्या सुवाच्य अक्षरात : 'सेल्फ असेपर्यंत चालते, चावी सोडताच बंद. एका मिस्त्रींनी दहा मिनिटांत ठीक केली.' पहिली कॉइल त्यानंतर चार महिन्यांनी गेली.

तुटलेल्या बॅलास्टची ही अगदी नेमकी खूण आहे. सेल्फ मारताना स्टार्टर एवढा करंट ओढतो की बॅटरीचं व्होल्टेज नऊ-दहापर्यंत उतरतं. तेव्हा ठिणगी जोरदार मिळावी म्हणून या गाड्यांत तेवढ्यापुरता करंट एका वेगळ्या वायरीने, बॅलास्ट चुकवून, थेट कॉइलला दिलेला असतो. चावी सोडली की तो मार्ग बंद होतो आणि करंट बॅलास्टमधून येऊ लागतो. बॅलास्ट तुटला असेल तर त्याच क्षणी इंजिन बंद. त्या मिस्त्रींनी दोन वायरी जोडल्या, गाडी लगेच चालू झाली. अडलेल्या माणसाला घरी पोहोचवायला ती जोडणी ठीक होती. तात्पुरती आहे, असं कोणी सांगितलं नाही, म्हणून ती कायमची झाली.

आकड्यांत पाहिलं तर पॉइंट मिटलेले आणि इंजिन बंद, अशा वेळी या कॉइलमधून साडेसात अँपिअरच्या आसपास करंट वाहत होता आणि डब्यात जवळजवळ ९० वॉट उष्णता तयार होत होती. बंद डब्यात शंभरचा जुना बल्ब पेटवून ठेवावा तसं. बॅलास्ट असता तर करंट चार अँपिअर आणि कॉइलमधली उष्णता २५ वॉटच्या आसपास राहिली असती. इंजिन चालू असताना पॉइंट सतत उघडझाप करतात म्हणून प्रत्यक्ष उष्णता यापेक्षा कमी असते, पण दोन्हींतलं प्रमाण ढोबळमानाने तेच राहतं.

वहीतल्या आणखी एका नोंदीचाही उलगडा झाला. एकदा पेट्रोलची तपासणी चालली असताना चावी बराच वेळ ऑनच राहिली होती, आणि त्यानंतर गाडी त्या दिवशी पुन्हा लागलीच नाही. इंजिन थांबलेलं, पंख्याची हवा नाही, पॉइंट नेमके मिटलेले. दुसऱ्या कॉइलचा शेवट बहुधा तिथेच झाला. इंजिन बंद असताना चावी इग्निशनवर ठेवून गाणी ऐकणं, काटे बघणं, वायरी तपासणं हे पॉइंटच्या गाडीत कॉइलला थेट भाजतं. तपासणीसाठी करंट हवाच असेल तर कॉइलची प्लस वायर काढून ठेवावी.

पॉइंट तीनदा का जळले

हेही त्याच गाठीचं दुसरं टोक. पॉइंटना साधारण चार-पाच अँपिअर झेपतात. त्याहून जास्त करंट रोज तोडावा लागला की त्यांच्या तोंडावर निळे-काळे डाग आणि खड्डे पडतात. कंडेन्सरवर संशय घेऊन तो प्रत्येक वेळी बदलला गेला. संशय रास्त, कारण खराब कंडेन्सरनेही पॉइंट असेच जळतात. पण काढून ठेवलेला एक कंडेन्सर मी मोजला, तो ०.२२ मायक्रोफॅरड भरला, म्हणजे ठीकच.

पॉइंटचा गॅप मात्र बिघडलेला होता. गाडीच्या पुस्तकात ०.४० मिमी दिलेला, फीलर गेजने भरला ०.२५. पॉइंटची टाच कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागावर) घासते तिथे ग्रीसचा मागमूस नव्हता, त्यामुळे टाच झिजली आणि गॅप मिटत गेला. गॅप कमी म्हणजे पॉइंट जास्त वेळ मिटलेले. चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये एका ठिणगीमागे ९० अंश मिळतात. त्यातले बावन्नच्या आसपास अंश पॉइंट मिटलेले हवेत, तिथे ते मोजणारा ड्वेल मीटर ६२ दाखवत होता. कॉइलला विश्रांती मिळण्याची जागाच आकसली होती. शिवाय गॅप मिटला की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं, इंजिन जास्त तापतं आणि ती गरमीही बॉनेटखालीच साठते.

अल्टरनेटरचं व्होल्टेज पाहिलं. १४.२, उत्तम. रेग्युलेटर बिघडून ते साडेपंधरावर गेलं असतं तर फक्त तेवढ्यानेच कॉइलची उष्णता जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढली असती, म्हणून ही तपासणी सोडायची नसते. प्लगचे गॅप ०.९ मिमीपर्यंत झिजून वाढले होते, ते बदलले. गॅप जितका मोठा तितकं जास्त व्होल्टेज कॉइलला उभं करावं लागतं, आणि कमजोर इन्सुलेशनवर तो ताण नको होता.

दुरुस्ती

दोन मार्ग होते. तीन ओहमची कॉइल टाकायची आणि बॅलास्ट कायमचा काढून टाकायचा, म्हणजे तुटायला एक वस्तू कमी. किंवा मूळ रचना परत उभी करायची. मी सरांना दोन्ही समजावून सांगितले. पहिल्या मार्गात थंडीत किंवा बॅटरी उतरलेली असताना सेल्फच्या वेळी मिळणारा जादा करंटचा आधार जातो. दुसऱ्यात बॅलास्टवर अधूनमधून नजर ठेवावी लागते. "गाडी जशी बनली होती तशी हवी," सर म्हणाले. माझाही कल तिकडेच होता.

नवा दीड ओहमचा बॅलास्ट बसवला. तो स्वतः चांगला तापतो, तापणं हेच त्याचं काम, म्हणून वायपरच्या मोटारीमागून काढून हवा लागेल अशा मोकळ्या पत्र्यावर घेतला आणि वायरी त्याला टेकणार नाहीत अशा बांधल्या. टोकं घासून स्वच्छ केली. कॉइलही बदलली. बॅलास्ट बसवून जुनीच ठेवावी का, असा प्रश्न सरांनी विचारला होता, म्हणून ती एकदा चालवून पाहिली. पन्नास मिनिटं नीट चालली आणि मग चढावर मिसिंग मारू लागली. कारण दूर झालं तरी अकरा महिन्यांच्या भाजण्यातला तिचा वाटा आत राहून गेला होता. नवे पॉइंट ०.४० वर बसवले, टाचेला ग्रीसचं बोट लावलं, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला तर गॅप बदलताच टायमिंग पुन्हा हलतं.

पॉइंट मिटवून प्लस टोकावर व्होल्टेज पाहिलं : ६.१.

मग पुन्हा सरांसोबत बाहेर पडलो. चाळीस मिनिटं झाली, तास झाला. सव्वा तासाने मुद्दाम गाडी थांबवून, वायरी काढून प्रायमरी मोजली. थंड असताना १.५ होती, आता १.८. म्हणजे वाढ पन्नास अंशांच्या आसपास, वाइंडिंग ऐंशीच्या घरात. पाण्याचा थेंब डब्यावर टाकला, तो चर्र न होता हळू पसरत सुकला. सरांनी वाकून तो नीट पाहिला आणि वहीत वेळ लिहिली.

बॅलास्टच्या शेजारी मी एक छोटी पत्र्याची पट्टी लावली आहे. तिच्यावर कोरलंय : '१.५ ओहम. दोन्ही वायरी एकत्र जोडू नयेत. कॉइल दीड ओहमचीच.' पुढे कधी तरी रस्त्यात कोणाला हा बॅलास्ट चुकवावा लागला तर निदान परत आल्यावर काय सोडवायचं आहे ते समोर दिसेल.

चार महिन्यांनी सर नेहमीच्या सर्व्हिसला आले. पॉइंटची तोंडं राखाडी, सपाट. गॅप ०.३८. तो पुन्हा चाळीसवर आणला, टाचेला ग्रीस लावलं. वहीत मधल्या काळातली एकच नवी नोंद होती, तीही टायरमध्ये हवा भरल्याची.